शर्मिष्ठेतल्या दोघी

माझ्या निरीक्षणाच्या वहीत एक नोंद गेली कित्येक वर्षं जवळजवळ त्याच शब्दांत येते आहे. ‘१८५ दिसली. १४७ ताईला दिसली.’ तारीख बदलते, आकाश किती स्वच्छ होतं याचा शेरा बदलतो, कधी कोपऱ्यात ‘दव फार’ असं लिहिलेलं असतं. ही दोन वाक्यं मात्र तशीच.

१८५ आणि १४७ हे एनजीसी या दीर्घिका-तेजोमेघांच्या सूचीतले क्रमांक. दोन्ही दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची अफाट वसाहत, दोन्ही बटू, आणि दोन्ही देवयानी या मोठ्या दीर्घिकेच्या उपदीर्घिका, म्हणजे तिच्या गुरुत्वाकर्षणात बांधलेल्या. आकाशात मात्र त्या देवयानी तारकासमूहात सापडत नाहीत. तिथून साधारण सात अंश उत्तरेला, शर्मिष्ठेच्या हद्दीत त्या आहेत. अँड्रोमेडाला देवयानी, कॅसिओपियाला शर्मिष्ठा, पर्सियसला ययाती आणि सीफियसला वृषपर्वा म्हणायचं ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याच्याबद्दल मला फार माया वाटते. अख्खी गोष्ट त्यानं उत्तरेच्या आकाशात नेऊन बसवली. काठावर ठेवलेली वस्त्रं वाऱ्यानं एकमेकांत मिसळतात, शर्मिष्ठा चुकून देवयानीचं वस्त्र नेसते, त्यावरून शब्दाला शब्द, मग ती विहीर, आणि शेवटी राजाची मुलगी आपल्याच मैत्रिणीची दासी होते. देवयानीच्या दोन लहान सोबतिणी नेमक्या शर्मिष्ठेच्या घरात निघाव्यात, हा योगायोगच. पण या दोघींकडे बघताना ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सखी कुठे संपते आणि दासी कुठे सुरू होते, हा प्रश्न इथेही आहे. आणि वाराही आहे.

दुर्बिणीतून बघायला मला ताईनं शिकवलं. जे अंधूक आहे त्याच्याकडे थेट बघायचं नाही, ही तिची पहिली शिकवण. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नसतात, त्या भोवताली असतात. म्हणून नजर जरा बाजूला लावायची आणि लक्ष मात्र हव्या त्या जागी ठेवायचं. शर्मिष्ठेतला ओमायक्रॉन तारा धरायचा, तिथून एक अंश पश्चिमेला सरकायचं, की १८५ येते: फुंकर मारल्यावर काचेवर उमटावा तसा एक गोल धुरकट ठसा. आणखी एक अंश पश्चिमेला, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर जेवढं अंतर होईल तेवढ्यावर, १४७. तिचा एकूण उजेड १८५ च्या मानानं फार कमी नाही, पण तो पसरलेला आहे, त्यामुळे काळ्या आकाशात तो विरघळतो. ताईला ती दिसते. ती ‘अगदी पातळ आहे, लांबट’ असं सांगते. मी तासन्‌तास प्रयत्न केला आहे. दिसली असं मनाला वाटायला लागतं, पण ‘वाटली’ आणि ‘दिसली’ यांतला फरक ताईनंच शिकवलेला असल्यामुळे वहीत मी खोटं लिहिलेलं नाही.

या दोघींची मला ओढ लागली ती एका साध्या गोष्टीमुळे. आकारानं, वस्तुमानानं, दिसण्यानं त्या बहिणी-बहिणी वाटतात. दोघींमध्ये काही कोटी सूर्यांइतकं ताऱ्यांचं द्रव्य आहे (आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींहून जास्त तारे आहेत, त्यावरून बटू हा शब्द किती खरा ते कळतं). दोघी एकाच मोठ्या दीर्घिकेच्या पदरी. पण १८५ च्या पोटात धूळ आणि वायू आहे, १४७ मध्ये काही नाही. असं का झालं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

आधी त्या सापडल्या कशा, ते सांगायला हवं, कारण त्यातही एक सोबत आहे. विल्यम हर्शेल यांना १८५ दिसली ती १७८७ साली. १४७ दिसली त्यांच्या मुलाला, जॉन हर्शेल यांना, १८२९ साली. म्हणजे उजळ ती बापाला आणि पातळ ती मुलाला, मध्ये बेचाळीस वर्षं. देवयानीला अगदी चिकटून दिसणारी तिसरी बटू दीर्घिका, एनजीसी २०५, ती विल्यम यांच्या बहिणीला, कॅरोलाइन यांना, १७८३ साली स्वतंत्रपणे सापडली. त्याआधी दहा वर्षं मेसिए यांनी ती पाहिली होती, पण ते कॅरोलाइन यांना ठाऊक नव्हतं. एका घरातल्या तिघांना तीन. विल्यम दुर्बिणीला डोळा लावून जे दिसेल ते मोठ्यानं सांगत आणि कॅरोलाइन खिडकीपाशी दिव्याजवळ बसून, घड्याळ बघून, लिहून घेत. थंडीत शाई गोठायची. या दोघांत सहचर कोण आणि उपग्रह कोण, हे ठरवणं मला कधी जमलेलं नाही. कॅरोलाइन यांनी आठ धूमकेतू शोधले, हे मात्र नक्की.

दोघी देवयानीच्या कुटुंबातल्या आहेत हे कळायला १९४४ साल उजाडलं. वॉल्टर बाडे हे मूळचे जर्मन. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना लष्करी संशोधनात घेतलं गेलं नाही, आणि माउंट विल्सनची शंभर इंची दुर्बीण त्यांच्या वाट्याला भरपूर आली. खाली लॉस एंजलिस शहर युद्धामुळे दिवे मालवून बसलेलं. त्या अंधारात, तांबड्या रंगाला संवेदनशील असलेल्या छायाचित्रणाच्या काचांवर बाडे यांनी या धुरकट ठशांमधले सुटे सुटे तारे पहिल्यांदा वेगळे करून दाखवले. १८५ मध्ये त्यांना आणखी काही दिसलं: मध्याजवळ काळे डाग. ताऱ्यांच्या उजेडासमोर कुणीतरी काजळीचं बोट ओढावं तसे.

ते डाग धुळीचे.

धूळ हा शब्द इथे जरा फसवतो. कपाटावर साचते ती धूळ याच्यापुढे धोंड्यांची रास म्हणावी लागेल. ताऱ्यांमधल्या धुळीचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, किंवा त्याहूनही बारीक. त्याला धूर म्हणणंच जास्त बरोबर. त्यात वाळूच्या जातीची सिलिकेटं असतात आणि कार्बन असतो, म्हणजे जवळजवळ काजळीच. म्हातारे लाल राक्षसी तारे आपले बाहेरचे थर हळूहळू सोडून देतात, ते थर लांब जाऊन थंड होतात, आणि थंड होताना त्यातले जड अणू एकमेकांना धरून कण होतात. काही धूळ अतिनवताऱ्यांच्या स्फोटातून येते. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांमधल्या वायूच्या वजनाच्या साधारण एक टक्का ही धूळ आहे.

एक टक्का म्हणजे नगण्य वाटतं. पण या एका टक्क्यावाचून बाकीच्या नव्व्याण्णव टक्क्यांचं फार काही होत नाही. हायड्रोजनचे दोन सुटे अणू पोकळीत भेटले तर सहसा एकमेकांना धरू शकत नाहीत. जुळताना सुटणारी ऊर्जा टाकायला त्यांना जागा नसते. धुळीच्या कणाच्या पाठीवर ते येऊन बसतात, तिथे भेटतात, जास्तीची ऊर्जा कण घेतो आणि हायड्रोजनचा रेणू मोकळा होतो. मग हीच धूळ बाहेरचा अतिनील प्रकाश अडवते, म्हणून आतले रेणू तुटत नाहीत आणि ढग थंड राहतो. थंड ढगच आकसू शकतो, आणि आकसला तरच त्यातून तारा होतो. मेलेल्या ताऱ्यांच्या राखेच्या आडोशाला नवे तारे जन्मतात, हे वाक्य काव्य म्हणून ऐकलं असेल, पण ते अक्षरशः खरं आहे. त्यातला प्रत्येक टप्पा मोजता येतो.

आणि मोजलाही. धूळ ताऱ्यांचा प्रकाश शोषते, त्यानं ती किंचित कोमट होते. कोमट म्हणजे शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपास. त्या ‘उबेनं’ ती दूरच्या अवरक्त लहरींत चमकते. अवरक्त प्रकाश शोधला विल्यम हर्शेल यांनीच, १८०० साली, लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तापमापी ठेवून. २००९ साली त्यांच्याच नावाची साडेतीन मीटर आरशाची दुर्बीण अवकाशात गेली, ती नेमका हाच प्रकाश बघायला. तिनं हर्शेल घराण्याच्या तिन्ही बटू दीर्घिका पाहिल्या. १८५ मध्ये सुमारे पाच हजार सूर्यांच्या वजनाइतकी धूळ निघाली. २०५ मध्ये त्याहून काही पट. १४७ मध्ये दुर्बिणीला काहीच सापडलं नाही. जिथे वडिलांना ठसा दिसला तिथे धूळ, आणि मुलाला दिसला तिथे नुसते तारे.

ही बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा १८५ चं नवल वाटलं होतं. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, की नवल करायला हवं ते १४७ चं.

कारण धूळ काही एकदाच वाटून दिलेली नाही. तारे म्हातारे होतच असतात. प्रत्येक लाल राक्षसी तारा जाता जाता आपल्या वस्तुमानाचा मोठा हिस्सा परत टाकून जातो. १४७ मध्येही म्हातारे तारे आहेतच, भरपूर आहेत. म्हणजे तिथे रोज, आत्तासुद्धा, वायू आणि धूळ सांडते आहे. तरी ती रिकामी. कुठलंही घर आपोआप रिकामं राहत नाही, कोणीतरी ते सतत झाडत असावं लागतं. २०५ चं तर आणखी विचित्र. तिच्या ताऱ्यांनी जेवढा वायू परत टाकला असायला हवा, त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच सापडतो. बाकीचा गेला कुठे?

झाडणारे दोन-तीन आहेत. एक घरातच असतो. मोठा तारा फुटला की त्या धक्क्यानं वायू उधळतो, आणि बटू दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं की उधळलेलं सगळंच परत येत नाही. मोठ्या दीर्घिकेत उडालेला वायू कारंज्यासारखा खाली पडतो, इथे तो जातो तो जातोच. दुसरं कारण म्हणजे मोठ्या शेजारणीची ओढ. जवळची बाजू जास्त ओढली जाते, लांबची कमी. समुद्राला भरती येते त्याच न्यायानं दीर्घिका लांबट होते आणि तिची टोकं सुटायला लागतात.

तिसरं कारण वारा.

वारा बिलकुल नसलेल्या दिवशी सायकल वेगात चालवली तरी तोंडावर वारा येतो. दीर्घिकेचंही तसंच. मोठ्या दीर्घिकेभोवती तप्त, अत्यंत विरळ वायूचं मोठं आवरण असतं. देवयानीचं आवरण हबल दुर्बिणीनं तपासलं. त्याच्यामागे खूप दूर असलेल्या ४३ क्वेसारांचा, म्हणजे दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांचा, प्रकाश या वायूतून गाळून येताना त्यात काय उणं होतं, ते बघितलं. २०२० साली आलेल्या निष्कर्षानुसार ते आवरण तेरा लाख प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेलं आहे. आपल्या दोघी त्याच्या आतच आहेत. या विरळ वायूतून सेकंदाला शे-दोनशे किलोमीटर वेगानं जाणाऱ्या लहान दीर्घिकेला तो वाऱ्यासारखा लागतो. ताऱ्यांना त्याचं काही नाही. ते इतके घट्ट आणि छोटे की वारा त्यांच्यामधून निघून जातो. वायू आणि धूळ मात्र मागे ओढली जाते. १९७२ साली गन आणि गॉट या दोघांनी हे गणित मांडलं, ते दीर्घिकांच्या मोठ्या समूहांसाठी. बटूंना ते आणखी कडक लागू पडतं.

मोठीचा पदर धरण्याची किंमत वायूत मोजावी लागते. हे आपल्या आकाशगंगेभोवती तर डोळ्यांत भरण्याइतकं स्पष्ट आहे. १९३८ साली हार्लो शॅप्ली यांनी स्कल्प्टर आणि फोर्नॅक्स या दोन बटू उपदीर्घिका शोधल्या, मग एकेक करत यादी वाढत गेली. आज ती साठीच्या आसपास आहे. आकाशगंगेपासून साधारण नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आत ज्या आहेत, त्या जवळजवळ सगळ्या कोरड्या. तारे आहेत, कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणानं कळणारं द्रव्य) आहे, पण ज्यातून नवा तारा होईल असा वायू नाही. आणि २००७ साली सिंह राशीत सापडलेली लिओ टी ही इतकी चिमुकली की तिला दीर्घिका म्हणायला जीभ अडखळावी, पण ती आहे सुमारे चौदा लाख प्रकाशवर्षांवर, वाऱ्याच्या बाहेर. तिच्यात काही लाख सूर्यांइतका वायू अजून शाबूत आहे. एकटी आहे, म्हणून तिच्याकडे अजून काहीतरी आहे.

हे एवढंच खरं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. दूर राहिलं तर वाचाल, जवळ गेलात तर लुटले जाल: ताईला मी एकदा असं म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, ‘मग मॅगेलनचं काय?’

मॅगेलनचे मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका, मी एकदाच पाहिले आहेत. ते दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, उत्तरेकडच्यांना क्षितिजावर येतच नाहीत किंवा आलेच तर धुक्यात बुडलेले. विषुववृत्ताच्या पुष्कळ खाली गेले होते तेव्हा दिसले. आधी वाटलं ढग आलेत. मग वारा सुटला, तरी ते दोन ढग हलेनात. मॅगेलनच्या १५१९ सालच्या सफरीवर गेलेल्या पिगाफेट्टा यांनी त्यांचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून नाव मॅगेलनचं. दक्षिणेकडच्या लोकांना ते अर्थातच हजारो वर्षं माहीत होते. थोरला मेघ सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवर, धाकटा दोन लाखांवर. आकाशगंगेच्या इतक्या जवळ, आणि दोघेही वायूनं भरलेले. थोरल्यात टॅरॅन्युला तेजोमेघ आहे, तिथे आजही ताऱ्यांची पैदास जोरात चालू आहे. नियमाप्रमाणे हे दोघे केव्हाच कोरडे व्हायला हवे होते.

उत्तर मिळालं २००६-०७ च्या सुमाराला, हबलनं त्यांची आकाशातली सरक मोजली तेव्हा. थोरला मेघ आकाशगंगेच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ३२० किलोमीटर वेगानं चालला आहे. इतका वेग पिढ्यान्‌पिढ्या प्रदक्षिणा घालणाऱ्याचा नसतो. बहुतेक ते दोघे पहिल्यांदाच आपल्याकडे येत आहेत. आपण ज्यांना आपले जुने सोबती समजत होतो, ते नुकतेच दारात आलेले पाहुणे निघाले. त्यांची खरी जुनी सोबत एकमेकांची.

आणि त्या सोबतीनंच त्यांना उसवलं. १९६३ साली दोघांच्या मध्ये हायड्रोजनचा पूल सापडला. १९७४ साली मॅथ्यूसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्यांच्यामागे वायूचा एक लांबच लांब पट्टा आकाशात शंभराहून अधिक अंश पसरला आहे. तो डोळ्यांना दिसला असता तर क्षितिजापासून वर चढत डोक्यापलीकडे गेला असता. आधी वाटायचं, हा आकाशगंगेनं ओरबाडलेला वायू. आता बऱ्याच जणांचं मत असं, की त्यातला मोठा भाग या दोघांच्याच ओढाताणीत, इथे पोहोचण्याच्याही आधी सुटला. सुमारे पंधरा-वीस कोटी वर्षांपूर्वी तर ते एकमेकांवर आदळलेही. धाकटा त्यात जास्त विस्कटला.

पण मला आवडतो तो याचा दुसरा भाग. थोरल्या मेघाचं स्वतःचंही तप्त वायूचं आवरण असावं, असं २०२० साली गणितानं सुचवलं आणि २०२२ साली हबलच्या निरीक्षणांत ते सापडलं. आकाशगंगेच्या वाऱ्याचा पहिला मार ते आवरण खातं, आणि आतले दोघे वाचतात. ज्यानं धाकट्याला विस्कटलं, त्याच्याच आडोशाला धाकटा अजून वायू राखून आहे. ताऱ्यांच्या जागा आणि सरक मोजणाऱ्या गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांवरून असंही दिसतं, की थोरल्यासोबत आणखी काही अगदी मंद बटू दीर्घिका आल्या आहेत, हायड्रस १, करीना २ अशा नावांच्या. एक अख्खं कुटुंब बरोबर घेऊन तो आला आहे. यात दासी कोण, सखी कोण? मला सांगता येत नाही, आणि आता तो प्रश्न तसा विचारावासाही वाटत नाही.

धुळीबद्दल या मेघांनी जे शिकवलं ते दुसरीकडे कुठे शिकता आलं नसतं. २३ फेब्रुवारी १९८७ ला थोरल्या मेघात एक तारा फुटला. त्याच्या राखेतून किती धूळ झाली, हे हर्शेल दुर्बिणीनं २०११ साली सांगितलं: सूर्याच्या निम्म्या वजनाच्या आसपास, एकाच ताऱ्यातून. स्फोट होऊन जेमतेम दोन तपं झाली होती. माझ्या आयुष्याएवढ्या अवधीत, बघता बघता, धूळ तयार झाली. धाकट्या मेघात जड मूलद्रव्यं सूर्याच्या मानानं साधारण पाचवा हिस्सा, म्हणून धूळही थोडी, आणि वेगळ्या स्वभावाची. आकाशगंगेतली धूळ अतिनील प्रकाशाचा एक ठराविक पट्टा जास्त शोषते, धाकट्या मेघात बहुतेक ठिकाणी ती खूण उमटतच नाही. कदाचित तिथे कार्बनचे बारीक कण कमी असावेत, किंवा प्रखर प्रकाशात टिकत नसावेत. विश्व तरुण असताना सगळीकडेच धूळ अशी थोडी असणार. म्हणून हा धाकटा सगळ्यांचा लाडका.

जाता जाता आणखी एक. मेघांमधून सुटलेला वायू वाया जात नाही. २०१९ च्या सुमाराला आकाशगंगेच्या कडेला, जिथे तरुण तारे असण्याचं काही कारण नाही अशा जागी, अवघ्या बारा कोटी वर्षांच्या आसपास वयाचा एक तारकागुच्छ सापडला. त्याची घडण मेघांच्या वायूशी जुळते. पाहुण्यांच्या ओंजळीतून सांडलेलं बी आपल्या अंगणात रुजलं.

आता परत शर्मिष्ठेत.

एवढं सगळं वाचल्यावर मला साहजिकच वाटलं, की आपल्या दोघींचंही असंच असणार. जोडीनं आल्या असतील, एकीनं दुसरीला आडोसा दिला असेल, किंवा ओरबाडलं असेल. त्या जोडी आहेत हे मत जुनंच होतं. १९९८ साली सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी तसा लेखच लिहिला. आकाशात एका अंशावर, आपल्या दिशेनं येण्याचा वेगही जवळजवळ सारखा. मग कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीनं देवयानीच्या परिसराची पाहणी केली, तेव्हा १४७ च्या दोन्ही बाजूंना ताऱ्यांच्या लांब शेपट्या दिसल्या. तिला कोणीतरी ओढलं होतं. १८५ ला मात्र शेपटी नाही. जोडीनं फिरणाऱ्या दोघींपैकी एकीचीच ओढाताण कशी झाली?

२०२० साली सोहन आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. हबलनं सुमारे आठ वर्षांच्या अंतरानं काढलेली छायाचित्रं एकमेकांवर ठेवून, मागच्या दूरच्या दीर्घिकांच्या तुलनेत या दोघी किती सरकल्या ते त्यांनी मोजलं. ती सरक वर्षाला इतकी, की चारशे किलोमीटरवर धरलेल्या केसाची जाडी. एवढ्या मोजमापावरून मागचे मार्ग काढले. १४७ देवयानीच्या सर्वांत जवळून गेली ती गेल्या तीस ते पन्नास कोटी वर्षांत. १८५ ला जवळून जाऊन किमान एकशे साठ कोटी वर्षं झाली. शेपटी कोणाला आणि का, याचा उलगडा त्यात होतो. आणि पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं: या दोघी एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणात कधीही बांधलेल्या असण्याची शक्यता फारच कमी आहे.

आपल्याला एका अंशावर दिसतात त्या, पण १४७ आपल्यापासून १८५ पेक्षा सुमारे तीन लाख प्रकाशवर्षं पलीकडे आहे. आकाशगंगेच्या तीन व्यासांइतकं अंतर. बाडे यांच्या काचांवर, व्हॅन डेन बर्ग यांच्या लेखात, माझ्या वहीत त्या जोडीनं होत्या, कारण आपण त्यांच्याकडे इथून बघतो.

मला वाईट वाटलं, हे खरंच सांगते. मग त्या निबंधातली दुसरी गोष्ट वाचली. देवयानीच्या निम्म्याच्या आसपास उपदीर्घिका एका पातळ चकतीसारख्या प्रतलात आहेत आणि बहुतेक एकाच दिशेनं फिरताना दिसतात, हे २०१३ साली इबाटा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. १४७ ची वाट त्या चकतीशी जुळते. १८५ ची थोडी कमी, पण जुळते. म्हणजे एकमेकींना धरून नाहीत, तरी एकाच वाटेनं चालल्या आहेत. ती वाट कोणी आखली, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही.

धुळीचा प्रश्न मात्र यानं पूर्ण सुटत नाही. १४७ चे तारे सरासरीनं तरुण आहेत. तिनं आपल्या बऱ्याच ताऱ्यांना पाच ते सात अब्ज वर्षांपूर्वी जन्म दिला. १८५ चे बहुतेक तारे विश्वाच्या पहाटेचे, साडेबारा अब्ज वर्षांहून जुने. तरी म्हातारीच्या पोटात धूळ आहे आणि मध्याजवळ अवघ्या काही कोटी वर्षांपूर्वीपर्यंत नवे तारे होत होते. तरुण ती रिती आहे. शेवटच्या फेरीत देवयानीच्या वाऱ्यानं ती झाडली गेली, असं म्हणायचा मोह होतो. पण तिच्यात तारे जन्मायचे थांबले त्याला अब्जावधी वर्षं झाली, या फेरीच्या कितीतरी आधी. काहीतरी आधीही झालं होतं. मला वाटतं, तिनं आपला वायू स्वतःच उत्साहानं खर्चून टाकला आणि उरलासुरला वाऱ्यानं नेला. हे माझं मत, कोणी सिद्ध केलेलं नाही.

ताईला हे सगळं सांगितलं ते फोनवर. आम्ही हल्ली एका गावात राहत नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘पण मी येईन तेव्हा आपण बघताना दोघींना बघू. एकीला बघून थांबायचं नाही.’

ती आली. त्या रात्री दुर्बीण फिरवणारी मोटर लावलीच नाही. ताई म्हणाली, राहू दे, आकाशालाच सरकू दे. तिनं नळी १४७ च्या जागेवर नेमकी लावली, कडी घट्ट केली आणि मला बोलावलं. मी डोळा लावला, नजर बाजूला केली, श्वास रोखला. तारे डावीकडून उजवीकडे सावकाश वाहत होते, आणि त्यांच्यामागे काळं. ‘बघ, त्या दोन बारीक ताऱ्यांच्या खाली,’ ती म्हणत होती. मी बघत होते. ‘आता कडेला गेली. गेली. थांब, हलू नकोस, तुझी येईल.’

दोघींच्या मध्ये आकाशाची पावणेसहा मिनिटं आहेत. तेवढा वेळ ती माझ्याशेजारी उभी राहिली, हात दुर्बिणीला न लावता. मग डाव्या काठावरून काळ्यात काहीतरी फिकट झालं, आणि आत आलं.

वहीत लिहिलं आहे: ‘१४७, ताईला, ९ वाजून ४० मिनिटांनी. १८५, मला, ९ वाजून ४६. दव नाही.’